आफ्रिकेच्या दक्षिण भागातील वन्यप्राणी-दर्शन : सहलीची आखणी

'सफारी' हा शब्द मुळात शिकाऱ्यांचा नव्हे. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ केवळ 'प्रवास' असा होतो आणि त्या भाषेत तो अरबी 'सफर' या शब्दावरून आला. तोच 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीतही येऊन स्थिरावला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील धनिक शिकारी बंदुका घेऊन आफ्रिकेत उतरू लागले, तेव्हा या साध्या शब्दास शिकारीचा वास लागला. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या पाच प्राण्यांना 'बिग फाइव्ह' म्हणण्याची प्रथाही त्याच काळातील होय. पायी शिकार करताना हे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे मानले जात, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. आज बंदुकीच्या जागी बहुतांशी कॅमेरा आला असला, तरी पर्यटक अजूनही या पाच नावांची यादी खिशात घेऊनच निघतो. जिराफ, झेब्रा, चित्ता व रानकुत्रे त्या यादीत नाहीत, हे त्याच्या फारसे ध्यानी येत नाही.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे व झांबिया हे पाच देश या सहलींसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रातील वाचकास ताडोबा किंवा पेंच येथील पद्धतीचा परिचय असतो. प्रवेशद्वार, परवाना, उघडी जीप, मार्गदर्शक आणि दोन-तीन दिवसांचा मुक्काम असे त्या पद्धतीचे स्वरूप असते. हाच अनुभव गाठीशी धरून दक्षिणेकडील आफ्रिकेची आखणी केल्यास मात्र फसगत होण्याचा संभव असतो. तेथील अंतरे, ऋतू, मुक्कामाचे प्रकार आणि खर्चाची रचना ही सर्वच निराळी आहेत.

ऋतूंचा उलटा क्रम

हे सर्व देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. साधारणतः नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ होय. कोरड्या काळात गवत खुरटते, झाडांची पाने गळतात, लहान पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी एकत्र येतात. त्यामुळे प्राणी पाहण्यास हा काळ उत्तम मानला जातो. मे महिन्याची सुटी या काळाच्या आरंभी येते, ही आपल्याकडील कुटुंबांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. दिवाळीची सुटी त्याच्या अखेरीस येते. त्या वेळी पाणवठ्यांवर सर्वाधिक गर्दी असते, परंतु उन्हाचा तडाखाही विदर्भातील उन्हाळ्याची आठवण करून देणारा असतो. जून ते ऑगस्ट या महिन्यांत पहाटेच्या वेळी उघड्या वाहनात बसणे म्हणजे काय, याची कल्पना मुंबईकरास सहसा नसते. पारा गोठणबिंदूजवळ जाऊ शकतो. लोकरी टोपी, हातमोजे आणि जाड कोट यांवाचून पहिली पहाट केवळ कुडकुडण्यात जाते.

पावसाळ्यातील प्रवास अगदीच वर्ज्य नव्हे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पाडसे जन्मतात, दूरदेशीचे पक्षी येतात, रान हिरवेगार होते आणि दरही उतरलेले असतात. झांबियातील साउथ लुआंग्वा खोऱ्यातील अनेक निवास मात्र या काळात बंद ठेवावे लागतात, कारण काळ्या मातीच्या वाटांवरून वाहने चालूच शकत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यान बारा महिने खुले असते. तेथेही फेब्रुवारी २००० मध्ये साबी नदीस आलेल्या महापुराने नदीकाठच्या मुक्कामांना मोठा तडाखा दिला होता.

बोट्स्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशाचा प्रकार तर याहून वेगळा आहे. ही नदी समुद्रास मिळतच नाही. अंगोलाच्या पठारावर पडलेला पाऊस कुबांगो व कुइटो या नद्यांतून शेकडो किलोमीटर वाहत येतो आणि कालाहारीच्या वाळूत पसरून बाष्परूपाने नाहीसा होतो. उतार इतका मंद आहे की, उन्हाळ्यात पडलेले पाणी मौन या गावापर्यंत पोहोचता पोहोचता जून-जुलै उजाडतो. म्हणजे भोवतालचा प्रदेश तहानेने व्याकूळ झालेला असताना येथे पूर येतो. २०१४ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि त्या यादीतील तो एक हजारावा वारसा ठरला. 'मोकोरो' नावाच्या निरुंद होडीतून, लांब काठीने ढकलत, लव्हाळ्यांमधून जाण्याची इच्छा असणाऱ्याने पुराचे हेच महिने निवडावे. ही होडी पूर्वी एकाच खोडातून कोरीत. मोठी झाडे वाचावीत म्हणून आता ती बहुधा फायबरची असते.

मुक्कामाचे प्रकार

मराठीत 'लॉज' म्हटले की, एस.टी. स्थानकाजवळची दुमजली इमारत आणि खाली खानावळ असे चित्र डोळ्यांसमोर येते. आफ्रिकेतील लॉज म्हणजे रानातील दहा-वीस खोल्यांचे किंवा तंबूंचे निवासस्थान होय. भोजन, वाहन, मार्गदर्शक आणि दिवसातून दोन फेऱ्या यांचा त्याच्या दरात समावेश असतो. दर खोलीवर नसून माणशी आकारला जातो आणि तोही दोघे एका खोलीत राहतील असे धरून. एकट्या प्रवाशास अधिक रक्कम द्यावी लागते. उद्यानाचे प्रवेश-शुल्क, मद्य आणि बक्षिसी वेगळी असते की कसे, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घेणे हिताचे.

दुसरा प्रकार सरकारी मुक्कामांचा होय, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबास तोच अधिक परवडणारा आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यान हे त्याचे उत्तम उदाहरण. सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या उद्यानाची दक्षिणोत्तर लांबी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. १८९८ मध्ये साबी अभयारण्य घोषित झाले, १९२६ मध्ये कायद्याने राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश मिळाला. त्या पहिल्या वर्षी अवघ्या तीन मोटारी आत गेल्या. आज स्कुकुझा, लोअर साबी, सतारा, ओलिफांट्स, लेटाबा, शिंगवेद्झी आदी कुंपणबंद मुक्कामांत गवती छपराच्या गोल झोपड्या, स्वयंपाकाची सोय, दुकान आणि पेट्रोलपंप असतात. भाड्याची मोटार घेऊन स्वतःच फिरता येते. तेथील वाहतूक आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, ही भारतीय चालकास दिलासा देणारी बाब होय. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना मात्र निघण्यापूर्वीच काढून घ्यावा.

येथे नवख्याची एक चूक हमखास होते. नकाशावर बोट ठेवून तो एका दिवसात दोन-अडीचशे किलोमीटरांचा बेत आखतो. उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि खडीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. शिवाय प्रत्येक वळणावर थांबावेसे वाटते, किंबहुना थांबण्यासाठीच तो तेथे गेलेला असतो. स्कुकुझा ते सतारा हे सुमारे ९० किलोमीटरांचे अंतर सुखाने कापण्यास अर्धा दिवस लागतो. मुक्कामाचे फाटक महिन्यागणिक ठरलेल्या वेळी, सूर्यास्ताच्या सुमारास बंद होते आणि उशीर करणाऱ्यास दंड होतो. यास्तव एका मुक्कामी निदान दोन रात्री राहावे. वाहनातून खाली उतरण्यास ठरावीक जागा वगळता सक्त मनाई आहे. हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल, तर मागे सरून वाट द्यावी. माकडांना व बबूनना खाऊ घालू नये. खाऊची चटक लागलेले वानर पुढे माणसांवर चालून येते आणि अखेर त्यास गोळी घालावी लागते.

क्रूगरच्या पश्चिम सीमेस साबी-सँडसारखी खाजगी अभयारण्ये आहेत. त्यांच्या व उद्यानाच्या मधले कुंपण १९९३ मध्ये काढण्यात आले असल्यामुळे प्राणी दोन्हीकडे मोकळेपणी फिरतात. येथे उघड्या वाहनात एक चालक-मार्गदर्शक आणि पुढील आसनावर एक माग काढणारा असे दोघे असतात. वाळूत उमटलेल्या पावलावरून बिबट्या किती वेळापूर्वी गेला हे सांगणाऱ्या या माणसाचे कौशल्य पाहणे हाच एक स्वतंत्र अनुभव आहे. पहाटे साडेपाचच्या आसपास चहा, तीन-साडेतीन तासांची फेरी, मग भोजन व विश्रांती, दुपारी चारच्या सुमारास दुसरी फेरी आणि अंधार पडल्यावर दिव्याच्या झोतात परतणे, असा दिनक्रम असतो. कुंपण नसलेल्या निवासांत रात्री एकट्याने खोलीबाहेर पडू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पाच रात्री सरकारी मुक्कामी आणि अखेरच्या दोन रात्री खाजगी निवासात, अशी विभागणी केल्यास खर्च आटोक्यात राहून दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. सरकारी मुक्कामांचे आरक्षण सुमारे वर्षभर आधी खुले होते. तेथील शाळांना जून-जुलै व डिसेंबरमध्ये सुटी असते, त्या काळात उशिरा जागा मिळणे दुरापास्त होते.

बोट्स्वानाने १९९० च्या पर्यटन धोरणात थोडे पर्यटक व अधिक उत्पन्न हा मार्ग स्वीकारला. निवास लहान, संख्येने मर्यादित आणि महाग. अनेक ठिकाणी छोट्या विमानानेच पोहोचता येते. अशा विमानात हातातील पिशवी धरून बहुधा २० किलोपर्यंतच सामान चालते आणि तेही मऊ पिशवीत, कारण कडक पेटी विमानाच्या पोटात मावत नाही. फराळाच्या डब्यांसह निघणाऱ्या कुटुंबाने हे आधीच लक्षात घ्यावे. शाकाहारी भोजनाची व्यवस्था होते. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट लिहावे, कारण निवासाचा शिधा दूरच्या गावाहून ठरावीक दिवशीच येतो.

प्रकृतीची काळजी

क्रूगर, ओकावांगो, चोबे, उत्तर नामिबिया आणि झांबियाच्या खोऱ्यांत हिवतापाचा धोका असतो, पावसाळ्यात तर विशेष. निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या सुरू कराव्यात आणि परतल्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या घ्याव्यात. परतल्यावर ताप आल्यास कोठे जाऊन आलो ते डॉक्टरांना न विसरता सांगावे. लहान मुले किंवा गर्भवती स्त्री बरोबर असल्यास दक्षिण आफ्रिकेतील माडिक्वे, पिलान्सबर्ग किंवा आडो ही हिवतापमुक्त ठिकाणे निवडावीत. पीतज्वराच्या लसीबाबत बराच गोंधळ आढळतो. दक्षिण आफ्रिकेत हा रोग नाही. परंतु इथिओपिया, केनिया यांसारख्या पीतज्वराच्या देशांत मुक्काम झाला असेल किंवा तेथील विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबावे लागले असेल, तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. भारतात परतताना आपले आरोग्य अधिकारीही तो मागू शकतात. हा दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. प्रवासाचा मार्ग ठरवितानाच हा विचार झाला पाहिजे. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे ते संबंधित देशाच्या दूतावासाकडूनच जाणून घ्यावेत.

जमीन कोणाची ?

ऋतू, मार्ग व खर्च यांचा विचार बहुतेक प्रवासी करतात. आपण ज्या निवासात उतरणार त्याखालची जमीन कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक दक्षिणेकडील आफ्रिकेत वन्यप्राण्यांचे भवितव्य पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आरक्षणाच्या अर्जावर पर्यटक जे नाव बहुधा प्रथम लिहितो, त्या 'स्कुकुझा' या नावातच या इतिहासाची खूण आहे. १९०२ पासून अभयारण्याचे पहिले अधिकारी असलेले जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांनी तेथील रहिवाशांना बाहेर हलविले. त्यावरून त्सोंगा लोकांनी त्यांना 'झाडून साफ करणारा' अशा अर्थाचे हे टोपणनाव दिले. पुढे उद्यानाच्या मुख्य ठाण्यास हेच नाव मिळाले.

उद्यानाच्या उत्तर टोकास, लुवुव्हू व लिंपोपो या नद्यांच्या दुआबात पाफुरी हा भाग आहे. झिम्बाब्वे व मोझांबिकच्या सीमा येथेच येऊन मिळतात. पिवळसर सालीची ज्वरवृक्षांची बने आणि प्रचंड घेराची बाओबाबची झाडे यांमुळे हा भाग फार सुंदर दिसतो. बाओबाब म्हणजे आपल्याकडील गोरखचिंच. नदीकाठच्या त्या झाडांखाली मुक्काम करणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांना हिवताप होई आणि त्याचा दोष ते डासांऐवजी झाडांना देत, म्हणून 'ज्वरवृक्ष' हे नाव. या दुआबात माकुलेके लोकांची वस्ती होती. १९६९ मध्ये वर्णभेदी राजवटीने सुमारे तीन हजार लोकांना येथून बळाने हलविले, त्यांच्याच हातांनी त्यांच्या झोपड्यांना आगी लावावयास लावल्या आणि हा भाग उद्यानास जोडला. वर्णभेदी राजवट संपल्यावर जमीन परतीचा कायदा झाला. माकुलेके समाजाने दावा दाखल केला आणि १९९८ मध्ये तडजोड होऊन सुमारे २४ हजार हेक्टर जमिनीची मालकी त्यास परत मिळाली.

यानंतर या लोकांनी घेतलेला निर्णय अभ्यास करण्याजोगा आहे. जमीन आपली झाली तरी तेथे परत राहावयास न जाता आणि शेती किंवा खाणकाम न करता ती वन्यप्राण्यांसाठी राखावी, व्यवस्थापन उद्यानाबरोबर संयुक्त समितीने करावे आणि पर्यटनाचे हक्क समाजाकडे असावेत, असे ठरले. हा त्याग सोपा नव्हता. ज्यांची वडिलोपार्जित घरे व थडगी तेथे होती, अशी वृद्ध माणसे तेव्हा हयात होती. आरंभी उत्पन्नासाठी मोजक्या शिकार-परवान्यांचा मार्गही अवलंबिला गेला, त्यावर बरीच टीका झाली. पुढे खाजगी कंपन्यांशी करार होऊन निवास उभे राहिले. गावातील तरुण तेथे नोकरीस लागले आणि भाड्याचा हिस्सा समाजाच्या संस्थेकडे येऊ लागला. जानेवारी २०१३ च्या पुरात लुवुव्हूकाठच्या तंबू-निवासाची मोठी हानी झाली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत सीमा बंद झाल्या तेव्हा तर संपूर्ण दक्षिण आफ्रिका खंडभागातील निवास ओस पडले. केवळ पर्यटनावर विसंबलेल्या गावांची स्थिती किती नाजूक असते, हे त्या वर्षी दिसून आले.

माडिक्वेची कथा निराळी. बोट्स्वानाच्या सीमेवरील हा प्रदेश गुरांच्या अतिचराईने निकृष्ट झाला होता. या जमिनीचा सर्वांत लाभदायक उपयोग कोणता याचा अभ्यास करण्यात आला. पशुपालनापेक्षा वन्यप्राणी-पर्यटन अधिक रोजगार देईल असा निष्कर्ष निघाला आणि १९९१ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत आठ हजारांहून अधिक प्राणी अन्य ठिकाणांहून आणून सोडण्यात आले. आज शेजारच्या लेकगोफुंग व मोलाटेडी या गावांच्या मालकीचे निवास तेथे आहेत. शुष्क, पडीक जमिनीचे असे रूपांतर आपल्याकडील नियोजनकारांनीही पाहण्यासारखे आहे.

नामिबियात गोऱ्या शेतकऱ्यांना आपापल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांपासून उत्पन्न मिळविण्याचा हक्क पूर्वीपासून होता, सामाईक जमिनीवरील कृष्णवर्णीयांना तो नव्हता. त्यामुळे हत्ती म्हणजे पिकाचा नाश आणि सिंह म्हणजे गुरांचा काळ, एवढेच त्यांच्या वाट्यास येई. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या कायदादुरुस्तीने हा भेद दूर केला. गावकऱ्यांनी सीमा आखून, सभासदांची नोंद करून व समिती निवडून सामुदायिक संरक्षित क्षेत्र स्थापन केल्यास त्यांनाही तोच हक्क मिळू लागला. १९९८ मध्ये पहिल्या चार क्षेत्रांची नोंद झाली. आज त्यांची संख्या ८६ असून देशाच्या सुमारे एक पंचमांश भूभागावर ती पसरलेली आहेत. या कार्याचा पाया त्याआधीच, १९८० च्या दशकात गार्थ ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन यांनी घातला होता. गावच्या मुखियांनी निवडलेली माणसेच गेंड्या-हत्तींचे राखणदार व्हावीत, ही त्यांची योजना. भारतात १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे आणलेले पहिले आठ चित्ते याच देशातून आले होते.

सर्वच काही सुरळीत आहे असे मात्र नव्हे. बोट्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत. चोबे नदीत नौकेतून त्यांचे जलविहार पाहून पर्यटक हरखून जातो. त्याच रात्री तेच हत्ती कासानेजवळच्या शेतकऱ्याचे ज्वारी-मक्याचे उभे पीक तुडवीत असतात. शेणात मिरची मिसळून तिच्या गोवऱ्या बांधावर धुमसत ठेवणे, हा तेथील शेतकऱ्यांचा एक उपाय आहे. हत्तीच्या तीव्र घ्राणेंद्रियास तो धूर सोसवत नाही. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारीवर घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली, त्यामागे ग्रामीण जनतेचा हाच रोष होता. झिम्बाब्वेतील ह्वांगे उद्यानात बारमाही नदी नाही. विंधनविहिरींचे पाणी पंपाने उपसून पाणवठे भरावे लागतात. २०१९ च्या अवर्षणात त्या देशात दोनशेहून अधिक हत्ती तहान-भुकेने मेले. तेथील पाणवठ्याजवळ बसून शांतपणे चहा घेणाऱ्यास मागे धडधडणाऱ्या पंपाचा आवाज खटकतो, परंतु समोरचे दृश्य त्या पंपामुळेच शक्य झालेले असते.

म्हणून आरक्षणाचे पत्र लिहिताना भोजन व खोलीच्या चौकशीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन कोणाच्या मालकीची आहे, गावास उत्पन्नाचा हिस्सा किंवा भाडे मिळते काय, आणि कर्मचाऱ्यांपैकी स्थानिक किती. चांगले निवास या प्रश्नांची उत्तरे आनंदाने व तपशीलवार देतात. मुक्काम संपताना मार्गदर्शक व माग काढणारा यांना बक्षिसी हातात देण्याची रीत आहे. स्वयंपाकघरातील, धुलाईघरातील व पहाऱ्यावरील माणसांसाठी कार्यालयात एक सामाईक पेटी ठेवलेली असते. पर्यटकाच्या दृष्टीस न पडणारी ही माणसे बहुधा जवळच्याच गावची असतात.